टाकीला विरजण

टेम्पोतून चार फुटी टाकी उतरली तेव्हा पलूसच्या आमच्या गल्लीतली निम्मी पोरं दारात जमली होती. जुन्या चादरीत गुंडाळलेली काच, चारी कोपऱ्यांना थर्माकोलचे तुकडे. शेजारचे तात्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "लई मोठी आणलीसा की वो! आता मासं बी मोठं हुत्याल." पोरांपैकी एकानं विचारलं, "काका, मासे आजच टाकणार?"

आज नाही, म्हटलं. पोरं हिरमुसून पांगली. सात वर्षांपूर्वी मीही असाच उतावळा झालो होतो आणि दहा दिवसांत पाच गोल्डफिश घालवून बसलो होतो, हे त्यांना सांगून काय उपयोग!

तेव्हा मासे काचेच्या गोल भांड्यात होते. त्यांना ऐसपैस जागा हवी म्हणून दोन फुटी टाकी आणली. सगळं लख्ख असावं या हट्टापायी भांड्यातली जुनी खडी फेकून दिली, नवी आणून चार पाण्यांतून धुतली. फिल्टर नवा, पाणी नवं, झाडं प्लॅस्टिकची, तीही नवी. आठवडाभर पाणी आरशासारखं होतं आणि त्या आरशासारख्या पाण्यात मासे एकेक करून तळाला बसत गेले. आधी गेला तो काळा. सोनेरी माशांच्या सोबत एक काळा ठेवायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. घरावरचं संकट तो स्वतःवर घेतो म्हणतात. तात्यांनी लगेच निकाल दिला, "काळा गेला न्हवं? मग कायतरी मोठं टळलं म्हणायचं." टळलं काहीच नव्हतं. पाठोपाठ चारही सोनेरी गेले.

गंमत अशी, की त्या कोंदट गोल भांड्यात हेच मासे वर्षभर जगले होते. मोठ्या जागेत आल्यावर मेले. याचा उलगडा व्हायला मला बरीच वर्षं लागली. उलगडा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की टाकी बदलताना मासा हलवणं हे त्यातलं सगळ्यात किरकोळ काम असतं.

आपण खाल्लेल्या डाळीतला, अंड्यातला नायट्रोजन शेवटी युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतो. अमोनिया विषारी, त्याचा युरिया करायला यकृताला मेहनत पडते. मासा ही मेहनत घेत नाही. चहूकडे पाणी असताना त्याला गरजच काय? तो बहुतेक अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. नदीत ते खपून जातं. टाकीत मात्र मासा श्वास घेतो ते पाणी आणि त्याची मोरी एकच असते. मत्स्यशेतीत असा ढोबळ हिशेब धरतात, की एक ग्रॅम खाद्यामागे साधारण 30 मिलिग्रॅम अमोनिया पाण्यात उतरतो. दोन फुटी टाकीत पन्नास लिटर पाणी धरलं, तर एका ग्रॅमच्या चिमटीनं लिटरमागे 0.6 मिलिग्रॅम अमोनिया वाढला. उद्या पुन्हा तेवढाच. परवा पुन्हा.

गोल भांड्यातले मासे का जगले, ते आता कळेल. पाणी गढूळ दिसायचं म्हणून मी ते दर तीन दिवसांनी बदलत होतो. न कळता थोडी थोडी मोरी उपसत होतो, म्हणा ना. टाकी आल्यावर, फिल्टर आहे की, आता कशाला पाणी बदलायचं, असं म्हणून हातावर हात ठेवून बसलो. फिल्टर फिरत होता. फेस काढत होता, कचरा धरत होता. अमोनियाचं तो काहीही करत नव्हता, कारण ते काम करणारे त्यात राहायलाच आले नव्हते.

हे काम करणारे कोण, याचा शोध माशांच्या टाकीत लागला नाही. तो गटाराच्या पाण्यात लागला. 1877 मध्ये फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्युंट्झ या दोघांनी काचेची उभी नळी घेतली, तिच्यात वाळू आणि चुनखडीचा चुरा भरला आणि वरून सांडपाणी अगदी सावकाश झिरपत ठेवलं. खाली पडणाऱ्या पाण्यात अमोनिया जसाच्या तसा येत होता. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वीस दिवस तसंच चाललं. मग अमोनिया उतरायला लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागलं. हे नुसतं रसायनांचं काम असतं तर पहिल्याच दिवशी झालं असतं. वीस दिवस वाट का पाहावी लागली? दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम थांबलं. वाफ काढून टाकली तरी सुरू होईना. मग थोडी माती पाण्यात कालवून ते पाणी वरून ओतलं आणि काही दिवसांनी नायट्रेट पुन्हा यायला लागलं. मातीत कुणीतरी जिवंत होतं. पुढे 1890 मध्ये रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी हे जीवाणू वेगळे करून दाखवले. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, ते माशाच्या रक्तात शिरतं, हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही आणि कल्ले तपकिरी दिसू लागतात. नायट्रेट त्या मानानं गरीब. आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं.

(दोन जीवाणूंची ही वाटणी सव्वाशे वर्षं पुस्तकांत छापली गेली. 2015 मध्ये कळलं, की नायट्रोस्पायरा गटातले काही जीवाणू दोन्ही कामं एकटेच उरकतात. नेदरलँड्सच्या संशोधकांना ते सापडले ते मत्स्यपालनाच्या फिल्टरात. म्हणजे माशांच्या टाकीनं जुनी उधारी फेडली म्हणायची.)

ज्या घरात रोज दही लागतं, त्या घरात यातलं निम्मं समजावून सांगावं लागत नाही. भिलवडीपासून दुधाचा एवढा मोठा व्यवसाय असलेला हा तालुका. इथल्या कुणाही बाईला विचारा, उत्तम दूध, नवं पातेलं, सगळं आहे, पण विरजणच घातलं नाही तर सकाळी काय होईल? दूध नासेल. नव्या टाकीत मी तेच केलं होतं. श्लेझिंग-म्युंट्झ यांनी नळीत मातीचं पाणी ओतलं तेही विरजणच.

फरक वेळेचा. पोटातला ई. कोलाय जीवाणू मनासारखं अन्न आणि ऊब मिळाली तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. दह्याचे जीवाणू रात्रीत पातेलं लावतात. अमोनियावर जगणारे मात्र फार सावकाश वाढतात. सोयीच्या परिस्थितीतही दुप्पट व्हायला त्यांना अर्धा दिवस ते एक दिवस लागतो, आणि थंडीत याहून जास्त. अमोनिया जाळून फार थोडी ऊर्जा मिळते, त्यावर संसार करायचा म्हणजे असंच होणार. म्हणून मुळापासून टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात. दुकानदार सांगतो, "चोवीस तास पाणी फिरवा आणि टाका मासे." चोवीस तासांत क्लोरीन उडतं, एवढं खरं. पण टाकी त्यानं लागत नाही.

आता हे जीवाणू राहतात कुठे? इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. जुनं पाणी नव्या टाकीत ओतलं की झालं, अशी समजूत आहे. पाण्यात ते फारच थोडे असतात. ते चिकटून राहणारे लोक. फिल्टरच्या स्पंजच्या भोकाभोकांत, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात त्यांची वस्ती असते. स्पंज हातात घेतला तर तपकिरी, गिळगिळीत, मातकट वासाचा. बघितल्याबरोबर नळाखाली धरून खसाखसा पिळावासा वाटतो. तसं केलं की नळातल्या क्लोरीननं ती बरीचशी वस्ती मरू शकते. स्पंज तुंबला असेल तर टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात दोनदा दाबून घ्यायचा. पुन्हा तपकिरीच दिसतो. दिसू द्यावा.

पलूसच्या माणसाला जागा बदलण्याची ही रीत नवी नाही. शेजारी किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातल्या कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला. 1910 मध्ये ते तिथे आले तेव्हा माळावर निवडुंग आणि साप. जागा बेळगावपेक्षा कितीतरी मोठी, पण ओसाड. ती चालती झाली कारण लोखंडी नांगर करणारे हात बेळगावहून त्यांच्याबरोबर आले होते. शेड मागाहून उभ्या राहिल्या. टाकीच्या बाबतीत स्पंज म्हणजे ते हात. तो पुढे चालला पाहिजे, काच आणि वाळू कितीही नवी असू दे.

या वेळी मी काय केलं, ते सांगतो. मासे हलवायच्या दीड महिना आधीच मोठ्या टाकीचा नवा फिल्टर विकत आणला आणि जुन्या दोन फुटी टाकीतच जुन्याच्या शेजारी लावून दिला. दोन फिल्टरांनी पाण्याला एवढा जोर आला, की मासे पहिले दोन दिवस कोपऱ्यात दबून बसले, मग सरावले. दीड महिन्यात नवा स्पंज आपसूक तपकिरी झाला. विरजण तयार.

मोठ्या टाकीचा फायदा काय, हे आकड्यांत बघण्यासारखं आहे. दोन फुटी टाकी म्हणजे दोन बाय एक बाय एक, दोन घनफूट. एका घनफुटात सव्वाअठ्ठावीस लिटर, म्हणजे काठोकाठ 57 लिटर. चार फुटी टाकी चार बाय दीड बाय दीड, नऊ घनफूट, काठोकाठ 255 लिटर. लांबी दुप्पट, पाणी साडेचारपट. आणि पाण्याचा वरचा पृष्ठभाग दोन चौरस फुटांवरून सहावर गेला. हवेतला प्राणवायू पाण्यात उतरतो तो याच पृष्ठभागातून. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये याची किंमत कळते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसात. त्यात दुपारी लाईट गेली, पंप बंद पडला, की गोल भांड्यातले मासे अर्ध्या तासात वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. मोठ्या टाकीत तुम्हाला दोन-चार तासांची सवड मिळते. ती सवड हाच मोठ्या टाकीचा खरा फायदा. तिच्यात बिघाड होत नाही असं नाही, सावकाश होतो. पाणी तापतं सावकाश, निवतं सावकाश, खराब होतं सावकाश. (लाईट गेलीच तर तांब्यानं पाणी वर काढून हातभर उंचीवरून पुन्हा ओतायचं. घरातल्या पोरांना हे काम फार आवडतं, दहा मिनिटं तरी.)

वजनाचं मात्र आधी बघायला हवं. 240 लिटर पाणी म्हणजे 240 किलो, आठ मिलिमीटरची काच चाळीसेक किलो, वर पंचवीस-तीस किलो खडी. साखरेची सहा पोती एकावर एक रचल्यासारखं. लाकडी शोकेसवर ठेवायची ही वस्तू नव्हे. मी लोखंडी स्टँड करून घेतला, जमिनीवर टेकवला आणि ओळखीच्या गवंड्याची पाणसळ लावून बघितला तर एक पाय दोन सूत खाली. एवढ्यानं काय होतं, असं वाटतं. काचेची टाकी वाकत नाही, ती तडकते. सगळा भार एका कोपऱ्यावर गेला की सहा महिन्यांनी एका रात्री घरात गुडघाभर नाही तरी घोट्याएवढं पाणी. स्टँडच्या पायाखाली पत्र्याची चकती सरकवली, टाकीखाली थर्माकोलची अखंड शीट घातली. टाकी घरी जोडत असाल तर सिलिकॉन साधं घ्या. बाथरूमसाठी मिळणाऱ्या बुरशीनाशक घातलेल्या सिलिकॉननं मासे मरतात. व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत पाणी भरायचं नाही.

यानंतर पाणी. हा विषय गावागणिक वेगळा, म्हणून परदेशी पुस्तकं इथे तोकडी पडतात. आपल्या काळ्या रानातलं, खालच्या बेसाल्ट खडकातून येणारं बोरचं पाणी क्षारांचं असतं. पातेल्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. असं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, सामू आठच्या आसपास. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन. ते उघड्या बादलीत दिवसभर ठेवून किंवा थायोसल्फेटचे थेंब घालून घालवता येतं. क्षारांना असा उपाय नाही, आणि गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना त्यांची काही अडचणही नाही. उलट आवडतात. आरओचं पाणी भरणारे उत्साही लोक मी पाहिलेत. पिण्याचं शुद्ध पाणी माशांना का नाही, असा त्यांचा भाबडा प्रश्न. क्षार काढून टाकलेल्या पाण्याला धरायला काही नसतं. त्याचा सामू थोड्या दिवसांत घसरतो आणि जीवाणूही मंदावतात.

खरा धोका पाण्याच्या प्रकारात कमी आणि एका पाण्यातून दुसऱ्यात झटक्यानं जाण्यात जास्त आहे. वर्षभर नीट न बदललेल्या जुन्या टाकीचं पाणी हळूहळू आम्ल होत जातं, कारण ते जीवाणू काम करताना पाण्यातला चुना खात असतात. सामू सात किंवा त्याच्या खाली येतो. आता अमोनियाचा एक स्वभाव आहे. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक विषारी आणि एक जवळजवळ निरुपद्रवी. 25 अंश तापमानाला सामू 7 असेल तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास विषारी. सामू 8 झाला की तोच आकडा पाच टक्क्यांच्या वर. दहापट! अमोनिया तेवढाच आणि विष दहापट. म्हणून घाणेरड्या टाकीत तगलेला मासा स्वच्छ बोरच्या पाण्यात टाकला की तडफडतो आणि घरचे म्हणतात, मोठी जागा मानवली नाही. त्यात क्षारांचा भाग वेगळाच. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त, त्यामुळे कल्ल्यांतून सतत पाणी आत शिरतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर फेकत राहतात. बाहेरचे क्षार एकदम बदलले की हा सगळा ताळमेळ बिघडतो. त्याला सावरायला तास नाही, दिवस लागतात.

उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा. मासा नव्या पाण्यात नेण्याआधी नवं पाणी माशाकडे आणायचं. मोठ्या टाकीत जे भरणार, तेच पाणी जुन्या टाकीत दर दोन दिवसांनी एक-दोन तांबे बदलत जायचं. मी पंधरा दिवस हे केलं. शेवटी दोन्ही टाक्यांतल्या पाण्यात फारसा फरक उरला नाही.

हलवायचा दिवस त्यामुळे अगदी नीरस झाला. आदल्या दिवशी खाद्य दिलं नाही. खोलीतला दिवा बंद. अंधारात मासे कमी बिथरतात. जाळी वापरली नाही. माशाच्या अंगावर चिकट थर असतो, रोग अंगाला लागू न देणारा. जाळीत तो खरवडला जातो, खवले निघतात. प्लॅस्टिकचा डबा पाण्यात आडवा धरायचा, मासा आत येईपर्यंत थांबायचं आणि पाण्यासकट उचलायचा. सहा मासे, पंचवीस मिनिटं. डबा नव्या टाकीत तरंगत ठेवला, पाव तासानं त्यात नव्या टाकीचं पाणी वाटीवाटीनं घातलं आणि मग तोंड तिरकं केलं. दोघे लगेच निघाले. एक मोठा सोनेरी डब्याच्या काठाशी येऊन थांबला, कल्ले हलवत, पंख हलवत, जागच्या जागी. पुढे जाईना, मागे जाईना. मी डबा तसाच धरून उभा. हाताला रग लागली. पाचेक मिनिटांनी तो बाहेर पडला, सरळ तळाशी गेला आणि जुन्या टाकीतून आणलेल्या मूठभर खडीवर तोंड मारायला लागला.

जुन्या फिल्टरचा स्पंजही नव्याच्या शेजारी बसवला. पहिले पंधरा दिवस खाद्य निम्म्यावर. ड्रॉपरच्या किटनं एक दिवसाआड अमोनिया बघितला. एकदा किंचित हिरवट रंग आला तेव्हा चौथा हिस्सा पाणी बदललं, पुन्हा आला नाही.

हे सगळं घरगुती पाल्हाळ वाटत असेल, तर हेच काम आपल्याकडे हजारोंच्या, लाखोंच्या संख्येनं रोज चालतं, हे सांगायला हवं. रोहू, कटला, मृगळ शेततळ्यात किंवा तलावात पाळणारे शेतकरी माशाला लहान जागेतून मोठ्या जागेत नेतच वाढवतात. अंड्यातून निघालेलं पिल्लू सहा-आठ मिलिमीटरचं, त्याला मत्स्यजिरे म्हणतात; जिऱ्याएवढंच दिसतं ते. छोट्या तळ्यात ते इंचभर झालं की मत्स्यबीज. ते त्याहून मोठ्या तळ्यात नेऊन बोटाएवढं झालं की बोटुकली, आणि मग ती मोठ्या तलावात. मराठीत इतकी नेमकी नावं असलेला दुसरा पाळीव जीव मला तरी आठवत नाही. 10 जुलै 1957 ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण करून दाखवली. तोवर बीज मुख्यतः पुरात नदीतून गोळा करावं लागे, आता ते मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणून 10 जुलै हा देशभर मत्स्यशेतकरी दिन असतो. केंद्रातलं बीज पिशव्यांतून प्रवास करतं. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, तोंड रबरानं आवळलेलं. निघण्याआधी बीज उपाशी ठेवतात, वाटेत पाणी खराब होऊ नये म्हणून. तळ्यावर पोचल्यावर पिशव्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवतात, तोंड सोडून तळ्याचं पाणी थोडं आत घेतात आणि बोटुकल्या आपल्या आपण बाहेर पडू देतात. ओतत नाहीत. मी डबा धरून पाच मिनिटं उभा होतो, ती अक्कल पुस्तकातली नव्हती, ती तळ्याच्या बांधावरची होती.

आता तात्यांचं भाकीत. मासे मोठे होतील का? टाकी जेवढी तेवढाच मासा वाढतो, असं सगळेच सांगतात, आणि वरवर ते खरंही वाटतं. पण माशाच्या अंगात काच मोजायचं काही साधन नाही. लहान जागेत तो खुरटतो, कारण पाणी वाईट असतं, गर्दी असते आणि अनेकदा पुरतं वाढायच्या आधीच तो मरतो. गोल्डफिश वर्ष-दोन वर्षं जगणारा जीव आहे, ही समजूतही अशीच झाली. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात 1956 मध्ये जत्रेत बक्षीस मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी वारला. आपल्याकडे बैलजोडीही इतकी वर्षं टिकत नाही.

म्हणजे मासे मोठे होतील, आणि अडचण तिथून सुरू होते. दुकानात दोन इंचांचा ऑस्कर मिळतो; तो फूटभर होतो. 'शार्क' म्हणून विकतात तो बहुतेकदा पंगस असतो, खायला पाळतात तोच, आणि तो मीटरभर वाढू शकतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकरमाऊथ हाताएवढा होतो. अशा वेळी चार फुटी टाकीही अपुरी पडते आणि माणसाला जवळची नदी आठवते. बिचाऱ्याला मोकळं सोडू या, कृष्णामाईत. हे पुण्य करू नका. सकरमाऊथ मूळचा दक्षिण अमेरिकेतला. लोकांनी टाक्यांमधून सोडलेल्या माशांतूनच तो आपल्या नद्या-धरणांत पसरला आहे. त्याच्या अंगावरच्या हाडांच्या पट्ट्या मासेमारांची जाळी फाडतात, त्याला बाजारात कुणी घेत नाही. विहिरीत किंवा शेततळ्यात सोडला तर तो तिथेच राहील, असंही समजू नका. 2005, 2019 आणि 2021 ला कृष्णा कुठवर आली होती, हे या तालुक्यात कुणाला सांगायला नको. तेवढं पाणी चढलं की नदी, ओढा आणि तळं यांच्यात फरक उरत नाही.

मासा टाकीत मावेनासा झाला तर तो दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. घेतानाच दुकानदाराला विचारा, "हा पुरा वाढला की केवढा होतो?" नीट उत्तर मिळालं नाही, तर मासा तिथेच राहू द्या.